फोटोतील व्यक्ती फक्त मापासाठी

१

ऑफिसात तिला सगळे पंच म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण पाठीमागे म्हणताना फार आवाजही दाबत नसत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. लोकांचं जुनं घरसामान ऑनलाइन लिलावाने विकणारी ती एक लहानशी कंपनी. खाली गोदाम, वर तीन टेबलं, एक खडखडणारा पंखा आणि साहेबांची काचेची केबिन. धंदा काढला साहेबांनी, पण धंद्याचे नियम लिहिले ते हिने. वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. उभ्या नोकरीत त्यांनी कुणा दुकानदाराचा कपभर चहा घेतला नाही. लेक त्यांच्याच वळणावर गेली होती.

आधी तिथला लिलाव ठरल्या वेळी धाडकन संपायचा. मग व्हायचं काय, की दिवसभर मूग गिळून बसलेला एखादा आगाऊ माणूस शेवटच्या सेकंदाला झडप घालायचा, आणि आठवडाभर इमानाने बोली वाढवत आलेला बिचारा हात चोळत बसायचा. एका म्हाताऱ्या बाईंच्या बहिणीचं शिवणयंत्र असंच हातचं गेलं. त्यांनी पत्र लिहिलं, तेही शाईने, चार पानी. ते वाचून पंच साहेबांशी तासभर भांडली आणि नियम बदलून घेतला. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली, की लिलाव दोन मिनिटं पुढे. पुन्हा आली, तर पुन्हा दोन मिनिटं. ज्याला वस्तू हवीय त्याला बोलायला वेळ मिळालाच पाहिजे. साहेबांनी विचारलं, आणि समजा कुणी थांबलंच नाही तर?

"माणसंच आहेत साहेब," ती म्हणाली. "कधीतरी दमतात."

बाकीचे नियमही तिचेच. विकणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्याने आपल्याच मालावर बोली लावायची नाही. लावली तर ती बाद, आणि माल तिच्या खालच्या बोलीला. एक बोली पडली, की वर्णनातला काना-मात्राही बदलायचा नाही आणि माल मागे घ्यायचा नाही. खरेदीदाराच्या प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्यायचं. आणि फोटोत जे दिसेल ते मालात धरायचं, वर्णनात वगळलं असेल तेवढं सोडून. हा शेवटचा नियम भांडणांतून आला होता. टेबलाच्या फोटोत दिवा दिसायचा, आणि घेणारा दारात उभा राहून दिवा मागायचा.

खुर्च्या-पलंगांचा एक फोटो माणूस बसवून काढायची पद्धत होती, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. अशा फोटोसाठी वर्णनात एक ठरलेली ओळ टाकावी लागे: फोटोतील व्यक्ती फक्त मापासाठी. बहुतेक वेळा फोटोवालाच बसायचा. तो म्हणायचा, ही ओळ राहिली तर काय मला उचलून नेणार आहेत का? पंच मान वर न करता सांगायची, नियम आहे, टाक. ती ओळ विसरल्याबद्दल तिने वर्षभरात सगळ्यांना झापलं होतं, साहेबांनासुद्धा.

२

खुर्ची विकायची वेळ आली ती जागेमुळे. वर्षापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय गेले, डावा हात गेला, आणि शब्द राहिले ते दहा-बारा. आता डॉक्टर म्हणाले, डोक्याकडून वर-खाली होणारा पलंग घ्या, नाहीतर पाठीला जखमा होतील. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, दार आणि खिडकी यांच्या मधोमध, एक तर पलंग मावणार होता नाहीतर ती रुंद, वेताच्या पाठीची खुर्ची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बाबांनी दिवसचे दिवस त्याच खुर्चीत काढले होते.

तिने फोटो काढले ते सोमवारी सकाळी. पलंगवाले खाली येऊन हॉर्न वाजवत होते, बाबांना सांभाळणाऱ्या मावशींचा पत्ता नव्हता आणि तिची ऑफिसची वेळ टळत आलेली. पाच फोटो रिकाम्या खुर्चीचे. सहावा बाबांना बसवून, मापासाठी. बाबा सरळ कॅमेऱ्यात बघत होते. घरचा माल कंपनीतूनच विकायला साहेबांची परवानगी होतीच. नियम सगळ्यांना सारखे, एवढी एकच अट. जेवणाच्या सुट्टीत तिने सगळं वर चढवलं आणि कामाला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधल्या, पण आपलं लिहिलेलं पुन्हा वाचायचं तिला काही सुचलं नाही.

३

बुधवारी सकाळी खुर्चीच्या वर्णनाखाली पहिला प्रश्न आला. विचारणारा चौदा नंबर. बोलीदारांची नावं दाखवत नसत, नुसते नंबर. 'डाव्या हाताची बोटं उघडतात, की मिटलेलीच राहतात?'

तिने दोनदा वाचलं. कुणीतरी चुकीच्या वस्तूखाली विचारतंय असं तिला वाटलं. मग तिने स्वतःचं वर्णन उघडलं आणि ओळ न् ओळ तपासली. वेताची पाठ, मागचा उजवा पाय किंचित घासलेला, माप, वजन, सगळं होतं. ती ओळ नव्हती. चटकन टाकायला गेली, तर बदल करायची सोयच बंद. बारा मिनिटांपूर्वी पहिली बोली पडली होती. चौदा नंबरचीच.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? काही नाही. तिने स्वतःला तसं बजावलं, आणि उत्तर दिलं की विक्री फक्त खुर्चीची आहे. मिनिटभरात उलट उत्तर आलं: 'सहावा फोटो पाहा. आपले नियम वाचा.'

दुपारपर्यंत आणखी एक बोलीदार उतरला, साठ नंबर. चौदाने बोली लावली की साठ एक पायरी वर चढायचा, चौदा पुन्हा एक पायरी. दोघं प्रश्नही विचारत होते. चौदाचे प्रश्न गोदामातल्या हमालाने विचारावेत तसे कोरडे: वजन किती, दात स्वतःचे आहेत का, उचलताना ओरडतात का. साठचे वेगळेच. गुडघे अजून दुखतात का? पांघरूण पायांवर ओढून देता ना? ही चेष्टा होती, चावट, घाणेरडी चेष्टा, पण चेष्टा करणाऱ्याला बाबांचे गुडघे कसे ठाऊक? मग तिनेच उत्तर शोधलं. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखणारच, त्यात काय मोठंसं.

तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, चक्रम लोक असतात जगात, मनावर घेऊ नकोस. तरी तिच्या समाधानासाठी त्यांनी दोन्ही खाती तपासली. अनामत भरलेली, एकही तक्रार नाही. फक्त नोंदणीची तारीख विचित्र होती. दोन्ही खाती कंपनी निघायच्या कितीतरी आधीची होती. साहेबांनी कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडली आणि पडद्यावरची खिडकी बंद केली.

४

गुरुवारी सकाळी अकराला लिलाव संपायचा होता. दहा एकोणसाठ होऊन पन्नास सेकंद झाले आणि चौदाची बोली आली. घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं. शेवटचे दहा सेकंद उरले तशी साठची आली. पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा चौदा.

बाराला ऑफिसातले सगळे तिच्या टेबलाभोवती जमले होते. एका वेताच्या खुर्चीवरून एवढं? फोटोवाला म्हणाला, खुर्चीच्या गादीत हिरे शिवलेत का बघून ये. सगळे हसले आणि तीही हसली. एक वाजता लोक कंटाळून आपापल्या कामाला गेले. बोली मात्र चालूच होत्या, एकेक पायरीने, नेमक्या शेवटच्या दहा सेकंदांना. मधे पाणी प्यायला उठल्यासारखा एकसुद्धा उशीर नाही. इतका वेळ कुणी दमलं कसं नाही, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते झटकलं.

सव्वा वाजता मावशींचा फोन आला. मावशी बोलघेवडी बाई, पण त्या दिवशी शब्द मोजून बोलत होत्या. बाबांना उचक्या लागल्यात का असं आधी वाटलं, म्हणाल्या, पण तसं नाही. सकाळपासून मान फिरवताहेत. एकदा दाराकडे, एकदा खिडकीकडे. मधे बराच वेळ गप्प पडून राहतात आणि मग पुन्हा.

"बराच वेळ म्हणजे किती?" तिने विचारलं.

"मोजलं नाही बाई. असतील दोन मिनिटं."

५

तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि मावशींना सांगितलं, तुम्ही फक्त बघा, आणि मान हलली की बोला. स्वतः पडद्याकडे बघत राहिली. तिची बुद्धी तिला सांगत होती, की हा योगायोग आहे आणि दोन खेपांत तो उघडा पडेल. घड्याळ उतरत गेलं. बारा सेकंद. अकरा. चौदाची बोली पडली.

"दार," मावशी म्हणाल्या.

मग दोन मिनिटं. पलीकडून बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि रस्त्यावरच्या गाड्या. साठची बोली पडली.

"खिडकी."

तिने हे नऊ वेळा करून पाहिलं. नवव्या खेपेनंतर तिने मोजणं थांबवलं. मावशींना तिने विचारलं, बाबा तिकडे बघून काय करतात? मावशी आधी सांगेनात. मग म्हणाल्या, खिडकीकडे बघून हसतात. म्हणजे अर्धंच तोंड हलतं, पण हसतात. आणि दाराकडे मान गेली, की अंग चोरून घेतात. तीनदा चादर बदलली मी. दारात कुणी नाही, मी जाऊन बघून आले. दार आतून लावलंय.

पंच सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि लिलाव बंद करा म्हणाली. कारण विचारलं तेव्हा तिला ते धड सांगता येईना. काय सांगणार? माझे वडील विकले जाताहेत म्हणून? साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, अर्धी रजा घेऊन घरी जा म्हणाले. पण लिलाव बंद करायला ते तयार नव्हते. सातशे लोक तो लिलाव बघत होते. मालकाच्याच माणसाचा माल आणि मधेच बंद पाडला, तर उद्या कोण भरवसा ठेवील? "तूच मला हे शिकवलंस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खोट नव्हती.

ती टेबलाशी परत आली. बाबांना वाचवायचं तर लिलाव कुणीतरी ओळखीच्याने जिंकायला हवा, एवढंच तिला आता दिसत होतं. बाकीचे दरवाजे तिने स्वतःच्या हाताने लिहून बंद केले होते.

६

दादा, तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असायचा. वर्षातून दोनदा यायचा आणि बाबांशेजारी बसून पेपर मोठ्याने वाचायचा. तिने त्याला फोन केला आणि खातं उघडून अनामत भरायला सांगितलं. दादाला हसू आवरेना. आपलीच खुर्ची आपणच विकत घ्यायची? आणि ते तू सांगतेस? लहानपणी पत्त्यांच्या डावात तूच माझी चोरी बाबांना सांगायचीस. पण तिच्या आवाजात त्याला काहीतरी ऐकू आलं असावं, कारण पुढे त्याने एक प्रश्न विचारला नाही. अर्ध्या तासात त्याचं खातं तयार झालं.

तिच्या एका कानाला दादा होता, दुसऱ्याला मावशी. दोन फोन, एक पडदा. तिने ठरवलं होतं की साठची बोली वर असताना दादाने उडी घ्यायची. का, ते तिने स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. तेवढ्यात चौदाची बोली पडली आणि मावशींच्या फोनमधून एक आवाज आला. तो बाबांचा होता, पण तसा आवाज तिने त्यांच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. घशात काही अडकलेलं जनावर ओरडावं तसा.

"आत्ता लाव," ती दादाला म्हणाली. "दादा, आत्ता. दुपटीने लाव."

दादाची बोली पडली. घड्याळ दोन मिनिटांवर गेलं आणि खाली उतरू लागलं. मावशी म्हणाल्या, आता समोर बघताहेत. डोळ्यांतून पाणी येतंय, पण शांत आहेत. तिने पडद्यावरून नजर हलवली नाही. तीस सेकंद. दहा. चौदा आला नाही. साठही आला नाही. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीच आलं नाही, आणि चार वाजून सहा मिनिटांनी खुर्चीखाली हिरव्या अक्षरांत उमटलं: लिलाव संपला.

तिने डोकं टेबलावर टेकलं आणि रडून घेतलं. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त हायसं वाटत होतं. दादा पलीकडून विचारत होता, काय गं, जिंकलो ना आपण?

७

तक्रार चार वाजून वीस मिनिटांनी आली. माल पंचचाच असल्यामुळे ती तक्रार साहेबांकडे गेली. त्यांनी तिला आत बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तक्रार करणारा चौदा नंबर. मजकूर तीन ओळींचा होता. 'जिंकलेली बोली घरची आहे. विक्रेती आणि बोलीदार एकाच आईची मुलं. दोघांच्याही उजव्या कानामागे तीळ आहे, खात्री करून घ्यावी.'

साहेबांनी विचारलं, हा बोलीदार तुझा कोण?

ओळखत नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि तिला तो कधी झालाच नव्हता. तिचा हात आपोआप कानामागे गेला. साहेबांनी ते पाहिलं. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पडला, इतकंच, आणि त्यांनी माउस ओढून घेतला. ती म्हणाली, थांबा. तिने त्यांचं मनगट धरलं. पण एक बटण दाबायला वेळ तो कितीसा? दादाची बोली बाद. माल खालच्या बोलीला. खालची बोली चौदाची होती.

पडद्यावर आलं: विक्री पूर्ण. त्याच्याखाली लगेच, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, दुसरी ओळ आली. 'न्यायला निघालो आहोत.'

मावशी फोन उचलेनात. ऑफिस ते घर दहा मिनिटांची वाट, ती धावत सुटली. भर उन्हं होती, दुकानं उघडी होती, शाळा सुटलेली होती. चप्पल कुठे निघाली तिला कळलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आली आणि लांब, पलीकडच्या कोपऱ्यावर, तिला बाबा दिसले.

ते उभे होते. वर्षभर जमिनीला न टेकलेल्या पायांनी ते चालले होते, पांढरा सदरा, उघडं डोकं. दोन्ही कोपरं खांद्यांच्या रेषेपर्यंत वर उचललेली, दोन्ही बाजूंनी बगलेत हात घालून कुणी धरावं तशी. त्यांच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. पावलांच्या नुसत्या टाचा रस्त्याला लागत होत्या. समोरून येणारी माणसं वर न बघता बाजूला होत होती, आणि एका माणसाला लागते त्यापेक्षा बरीच जास्त वाट सोडत होती.

"बाबा!" ती ओरडली.

त्यांनी मान वळवली, पण तिच्याकडे नाही. चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे. तिनेही वर पाहिलं. खिडकीचा पडदा बाहेर आला होता, वारा नसताना, आणि कुणी मुठीत धरून ओढावा तसा खाली ताणला गेला होता. ती पुन्हा कोपऱ्याकडे बघते तो तिथे नुसता रस्ता होता. ती कोपऱ्यापर्यंत गेली, पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेली. फळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, इथून कुणीच गेलं नाही ताई.

मावशी जिन्यात बसल्या होत्या. त्या एवढंच सांगू शकल्या, की बेल वाजली नाही. दार आतून लावलेलं होतं आणि मग ते उघडं होतं. बाबा आपले आपण उठले. पलंग अजून गरम होता. खुर्ची व्हरांड्यात जिथे गुंडाळून ठेवली होती तिथेच होती. तिला कुणी हातही लावला नव्हता.

पोलिस आले, शेजारी आले, दादा विमानाने निघाला. या सगळ्या गडबडीत तिचा फोन एकदा वाजला. खुर्चीखाली नवीन प्रश्न आल्याची सूचना होती. लिलाव संपला की प्रश्न विचारायची सोय बंद होते, ती तिनेच तशी करून घेतली होती. तिने उघडून पाहिलं. विचारणारा साठ नंबर.

'थोरल्याची बोली दिसली, म्हणून मी हात आवरला. वाटलं, पोरांनी सोडवलं त्यांना. असा नियम कुणी केला गं?'

खाली उत्तराची चौकट उघडी होती. ती फोन हातात धरून पलंगाच्या कडेवर बसली, आणि दादा येईपर्यंत तिथून उठली नाही.